सासूच्या शिव्या आणि चुलीखालचं सोनं

ये गं, अशी जवळ ये. पुण्यात हॉस्टेलवर बसलीस म्हणून काय झालं, वाचायला लागलं की माणूस जवळच येतंय. आणि जवळ आलीस की आधी कान पुढं कर, पिळायचाय मला.

काय पाठवलंस तू घरच्या ग्रुपवर? ‘पायाळू आजीची दिव्य दृष्टी! गुप्त पोथी क्षणात उलगडली!’ खाली हात जोडलेले, वर समई पेटलेली. तुला कुणीतरी पाठवलं आणि तू पुढं ढकललंस. कॉम्प्युटरचंच शिकतीस ना गं तू? मग एवढं विचारावं वाटलं न्हाई की मोठ्या आजी, क्षणात म्हणजे किती वेळात? मी बसले तेव्हा बाजेवर शेवया वाळत होत्या, उठले तेव्हा गल्लीतला गणपतीचा मांडव सोडून राहिले होते. त्याला क्षण म्हणतात का तुमच्या कॉलेजात?

तुझं तोंड उतरलं असंल आता. उतरू दे. खरं काय झालं ते ऐक. तुझ्या सख्ख्या आजीची, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची चूल उकरून टाकायला निघाले होते तुझे आजोबा. चुलीच्या मागं घराची मधली भिंत, भिंतीवर अख्खं माळवद, मातीचं छत. चूल खणली असती तर भिंत बसली असती आणि भिंत बसली असती तर छत तुझ्या आजीच्या डोक्यावर. गोष्ट एवढीच हाय. दिव्य काही न्हाई तिच्यात, झाला तो येडेपणाच.

त्या घरात लाकडी फळ्यांत बांधलेली पोथी हाय, ती तू लहानपणी पाहिलीस. दसऱ्याला माळ्यावरून खाली काढायची, इभूत लावायची, झेंडूचं फूल वाहायचं, परत माळ्यावर. वाचायची कुणीच न्हाई, कारण वाचताच येत न्हाई. मोडी असती तर मी कधीच वाचली असती, ती न्हवती. एक चिन्ह बैलाच्या खुरासारखं, एक विळ्यासारखं, एक अर्ध्या भाकरीसारखं. लिहिणाऱ्यानं मुद्दाम स्वतःची चिन्हं काढलेली, परक्याला कळू नये म्हणून. आता आपल्या माणसांची अक्कल बघ. जे वाचता येत न्हाई ते एक तर देव असतंय, न्हाई तर सोनं. तिसरं काही असू शकतंय, हे यांच्या डोक्यातच येत न्हाई. पिढ्यान्‌पिढ्या देव म्हणून हात जोडले. या उन्हाळ्यात तुझ्या आजोबांनी ठरवलं की सोनं हाय.

ठरवलं म्हणजे, मोबाइलवरून गुप्तधन सांगणाऱ्या एकानं ठरवून दिलं. तो मोबाइलवाला नांदेडचाच. माझ्याच गावचा, म्हणून जास्त लाज वाटती. कानात पांढरी बोंडं, बोटांत रंगीत खड्यांच्या अंगठ्या, आणि मोबाइलमध्ये म्हणे असं ॲप की कुठल्याही जुन्या लिपीचा फोटो काढा, लगेच अर्थ हजर. उदगीरला कुणाच्या तरी लग्नात तुझ्या आजोबांना भेटला. दुसऱ्याच दिवशी घरी. पोथीच्या एका पानाचा फोटो काढला, डोळे मिटले, उघडले आणि वाचून दाखवलं: ‘अग्नीच्या स्थानी सात हंडे सुवर्ण.’ अग्नीचं स्थान म्हणजे चूल. त्यानं तिथंच चुलीवर कुंकवाची फुली मारली. कोंबडं मागितलं. लिंगायताच्या घरात कोंबडं! तुझी आजी लाटणं घेऊन उठली, तेव्हा कोहळ्यावर राजी झाला. दसऱ्याला पोथीची पूजा होते, त्याच दिवशी पहार-कुदळीचीही पूजा करायची आणि मग खणायचं, असा मुहूर्त देऊन, पोटभर पुरणपोळी खाऊन गेला.

संध्याकाळी तुझ्या आजीचा फोन.

“अक्का, माझ्या चुलीवर फुली मारली गं.”

“कुणी?”

“मोबाइलनं.”

“मोबाइलला हात असतात का येडे?”

ती हसली न्हाई. ती हसत न्हाई म्हणजे पाणी नाकापर्यंत आलेलं असतंय. तुझ्या आजोबांनी घरात गॅस आणला, मिक्सर आणला, फरशी बदलली. तिनं सगळं बदलू दिलं, फक्त मागची चूल ठेवली. भाकर तिथंच टाकती ती. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला त्या चुलीपुढं बसवलं आणि मरेपर्यंत उठू दिलं न्हाई. सासू गेल्यावर चूल तिची झाली. बाकी घरावर नाव तुझ्या आजोबांचं. माळवद पडंल ही भीती होतीच. पण ती रडली चुलीसाठी. म्हणाली, “अक्का, तू काहीतरी कर. तुला तसलं कळतंय.”

तसलं म्हणजे काय, ते सांगते. पायाळू म्हणजे आईच्या पोटातून पायाकडून बाहेर आलेलं लेकरू. मी तशी आले. असल्या माणसाच्या डोळ्यात अंजन घातलं की त्याला जमिनीखालचं धन दिसतंय, असं आपल्या लोकांनी ठरवून टाकलंय. मुरुडला माहेरी होते तेव्हा मला धरून न्यायचे. शाळेत निघालेली पोर, पाठीवर दप्तर, आणि कुणाच्या तरी पडक्या विहिरीच्या काठावर उभी. डोळ्यात काळं भरायचे, आग आग व्हायची. “दिसतंय का?” म्हणायचे. मला मुंग्या दिसायच्या, माझेच पाय दिसायचे. मी तेच सांगायचे. मग माझ्यासमोरच म्हणायचे, “पोरगी लबाड हाय, लपवून राहिली.” खरं बोललं की लबाड, हे मी तिथंच शिकले. लग्नानंतर नांदेडला आले आणि कुणाला पत्ता लागू दिला न्हाई की मी पायाळू हाय. पण आपल्या नात्यात गोष्ट पुरून ठेवायची सोय न्हाई. पुरलेलं सोनं यांना सापडत न्हाई, पुरलेली गोष्ट बरोबर सापडती.

असो. मी तुझ्या आजीला म्हटलं, पोथीच्या सगळ्या पानांचे फोटो काढ आणि पाठव. तुझे आजोबा आडतीवर गेले की ती माळ्यावर चढायची, दोन पानं काढायची, उतरायची. गुडघे दुखतात तिचे, तरी.

आधी मी त्या ॲपचीच परीक्षा घेतली. तेच ॲप मी माझ्या मोबाइलवर घेतलं. कुणालाही मिळतंय ते. त्यानं वाचलेल्याच पानाचा फोटो उलटा करून दिला. उत्तर: ‘पिंपळाखाली पाच हंडे.’ तेच पान, डोकं खाली केलं तर दोन हंडे कमी आणि चुलीचा पिंपळ! मग मला चेव आला. गच्चीवर बाजेवर शेवया वाळत घातल्या होत्या, त्यांचा फोटो काढून दिला. बाई गं, शेवयाही वाचल्या त्यानं. ‘पूर्वजांचा संदेश’ म्हणे. ‘उत्तरेच्या भिंतीत तीन कलश.’ मी बाजेजवळ उभी राहून एवढी हसले की शेजारीण कठड्याशी आली. तिलाही दाखवलं. ती गंभीर होऊन म्हणाली, “उत्तरेची भिंत म्हणजे तुमची का आमची?”

हे असं हाय. यंत्राला दोष देत न्हाई मी. त्याला गप बसायला कुणी शिकवलंच न्हाई. विचारलं की बोलायचं, आणि समोरच्याला आवडंल ते बोलायचं. ‘मला कळत न्हाई’ हे तीन शब्द त्याच्या पोटात न्हाईत. असली माणसं आपल्या भावकीत काय कमी हायत, की आता मशीन आणावं?

पण दुसऱ्या जातीचं कामही कॉम्प्युटर करतो, आणि ते मी शिकले. शाळा सातवीपर्यंत. मोडी शिकले ती घरातल्या जुन्या कागदांवर, शब्दकोडं सोडवल्यासारखी. तुझ्या मोठ्या आजोबांच्या कापडदुकानातला कॉम्प्युटर जुना झाला म्हणून घरी आला, तेव्हा त्याच्यावर कपडा टाकून फुलदाणी ठेवायचा बेत होता घरच्यांचा. मी फुलदाणी बाजूला केली. व्हिडिओ बघत, चुकत, पुन्हा बसत शिकले. कुठल्या तरी परदेशी माणसानं जुन्या गुप्त लिप्या फोडायचा प्रोग्राम फुकट ठेवलाय. त्याचं भलं होवो. मोबाइलवाल्याला दाखवला असता तर त्यानं त्यालाही कुंकू लावलं असतं.

रीत सोपी हाय. प्रत्येक भाषेत काही अक्षरं पावलोपावली येतात, काही वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यासारखी. मराठीत त, ल, र बघ आणि ढ, झ बघ. पोथीतल्या प्रत्येक चिन्हाला मी आकडा दिला आणि पानं आकड्यांत उतरवून घातली. प्रोग्राम काय करतो? खुराला त धरतो, विळ्याला ल धरतो, आणि भाषेसारखं दिसतंय का बघतो. न्हाई दिसलं तर अदलाबदल. पुन्हा न्हाई, पुन्हा अदलाबदल. माणूस कंटाळून चहा मांडंल, हा कंटाळत न्हाई. आणि शेवटी जे निघंल त्याच्यापुढं सांगतो की हे किती पटण्यासारखं हाय. पटत न्हाई तर पटत न्हाई म्हणतो. मला तिथंच तो आवडला.

फक्त आधी त्याला भाषा खाऊ घालावी लागती. ढीगभर मजकूर द्यायचा: हे बघ बाबा, आमची भाषा अशी दिसती. मी मराठी दिली. निघालं ते गाढवाच्या ओरडण्यासारखं, आणि प्रोग्राम म्हणाला, पटत न्हाई. निजामाचा मुलूख म्हणून दखनी उर्दू देऊन पाहिली. पटत न्हाई. मग माझ्या डोक्यात आलं की त्या घरात तर घरातल्या घरात कन्नड बोलतात. पेपरातली कन्नड मिळवली, तिची अक्षरं आपल्या अक्षरांत उतरवली. या वेळी काहीतरी हललं, पण बसलं न्हाई. पेपरातली कन्नड म्हणजे इस्त्रीची; त्या खेड्यात कोण तसली बोलतंय? मला त्या घरातली पाहिजे होती, तीही जुनी.

मी तुझ्या आजीला फोन लावला. “तुझी सासू कसं बोलायची, ते सांग मला. जसंच्या तसं.”

“ती बोलायची कुठं? शिव्याच द्यायची.”

“शिव्या सांग.”

“अक्का, मेलेल्या माणसाच्या शिव्या कशाला उकरतीस?”

“तुझा नवरा चूल उकरून राहिला, तोवर आपण शिव्या उकरू.”

मग एक सांगितली. ‘कै इल्लेनु निनग?’ म्हणजे तुला हात न्हाईत काय. मग दुसरी. मग बाई जी सुटली! दुपारी कामं उरकली की फोन करायची आणि सुरू. मीठ जास्त पडलं तेव्हाची शिवी, दूध उतू गेलं तेव्हाची, माहेराला जाते म्हटलं तेव्हाची. आधी आवाज कापायचा तिचा. नंतर सासूचा ठसका जसाच्या तसा यायला लागला आणि आम्ही दोघी हसून लोळायला लागलो. इतकी वर्षं पोटात धरून ठेवलेल्या. एक अक्षर विसरली न्हवती. भल्या सासूची भली सून तिचे चांगले शब्द विसरंल. शिव्या कुणी विसरत न्हाई. मी सगळ्या उतरवून प्रोग्रामला घातल्या. जगात कुठल्या पंडितानं असला चारा घातला नसंल.

एका सकाळी स्वयंपाक करून येऊन बसले, तर पडद्यावर ओळ होती: ब य ह न न.

एक गोष्ट राहिली सांगायची. त्या लिहिणाऱ्यानं काना, मात्रा, वेलांटी काहीच दिलेलं न्हवतं. नुसतं ‘मळ’ लिहिलं तर ते माळ का मूळ का मेळ, हे आपणच ठरवायचं. शिवाय न आणि ण ला एकच चिन्ह, आणि शब्दाच्या सुरुवातीला ए असो का ओ, नुसता अ. आपल्याकडं पाण्याला पानी म्हणतात, त्यातलाच गडी तो. तर ब य ह न न. मी बघत बसले. आणि आदल्याच दुपारची शिवी कानात वाजली. तुझी आजी म्हणाली होती, ही सासूची सगळ्यात वाईट: ‘निन्न बायिग हुण्णु बीळ्ली.’ तुझ्या तोंडाला फोड येवोत. बायि म्हणजे तोंड, हुण्णु म्हणजे फोड, गळू, जखम. बायि हुण्णु! पोथी सुरू होते ती तोंड येण्यापासून!

मग भराभर सुटत गेलं. अरिशिन, हळद. बेण्णे, लोणी. बेविन एले, लिंबाचा पाला. गोडा न्हवे, दारातला कडू लिंब. हच्चु, लाव. गळवाला हळद, लोणी आणि लिंबाचा पाला लाव, एवढंच. पानामागून पान गळवं. पायाला झालेलं, काखेत झालेलं, पिकलेलं, न पिकलेलं. तुझ्या आजोबांचा कोणीतरी पूर्वज वैदू होता आणि गळू बरं करायची विद्या दुसऱ्या वैदूनं चोरू नये म्हणून त्यानं ही खुरा-विळ्याची लिपी काढली. मला त्या माणसाचा जो राग आला! प्रत्येकाच्या दारात लिंब उभा, प्रत्येकीच्या फडताळात हळद. ते लपवायला एवढी मेहनत? शेजारी गळवानं तळमळला तरी चालंल, पण विद्या आपली राहिली पाहिजे. असल्या पोथीला दरसाल फूल वाहतात.

मी आनंदात फोन केला, आणि तिथंच फसले. फोन तुझ्या आजोबांनी उचलला. म्हटलं बरंच झालं, यांनाच सांगावं. म्हटलं, पाव्हणं, पोथी सुटली, कन्नड निघाली, ऐका. आणि मी शहाणी, अर्थ सांगायच्या आधी अक्षरं वाचून दाखवली. ह न न.

“होन्नु!” ते ओरडले.

“काय?”

“अक्का, होन्नु म्हणजे सोनं! कन्नड आमच्या घरची हाय का तुमच्या? पुढं काय हाय?”

“अहो हुण्णु. फोड. पुढं बेविन एले—”

“नुसती अक्षरं सांगा.”

“अ ल.”

“ओले! ओले म्हणजे चूल! होन्नु, ओले! सोनं चुलीत! त्या माणसानं आधीच सांगितलं होतं!”

मी म्हटलं, एले, एले, पाला हाय तो. हळद हाय, लोणी हाय, पुढं हच्चु हाय. तर काय म्हणाले असतील?

“हां, ते पूजेचं सामान. हळद, लिंब, लोणी. आणि हच्चु म्हणजे दिवा लाव. बरोबर हाय. अक्का, तुम्ही पायाळू हायत म्हणून दिसलं बघा!”

मी फोन ठेवला. शेवयांपासून गणपतीपर्यंत मान मोडली ती यांच्या पहारीला धार लावायला. आणि कन्नड त्यांना माझ्यापेक्षा जास्त येते हेही खरं. होन्नुही बसतंय तिथं, हुण्णुही बसतंय. ओलेही, एलेही. एका ओळीवर भांडत बसले असते तर मी हरले असते.

म्हणून दसऱ्याला मी एस.टी.त बसले. मुखेडवरून उदगीर, तिथून जीपनं गाव. पोचले तर ढाळजेत, दरवाजाच्या आतल्या ओसरीत, भावकी जमलेली, पहार-कुदळीला हळदी-कुंकू वाहिलेलं, पोथी पाटावर, आणि मोबाइलवाला लोडाला टेकून. तुझी आजी आत. चुलीपुढं बसलेली, दोन्ही पाय चुलीच्या दोन बाजूंना टाकून, कुणी उठवायला आलं तर उठायचं न्हाई अशी. चूल पेटवलेलीच होती तिनं. पेटत्या चुलीला पहार लावायची छाती न्हवती कुणाची. तेवढ्यावर सकाळ काढली होती तिनं. माझ्याकडं बघून नुसती म्हणाली, “लाकडं संपत आलीत, अक्का.”

तुझे आजोबा म्हणाले, “आलात, बरं झालं. अंजन तयार हाय. एकदा डोळ्यात घालून बघा म्हणजे खड्डा नेमका पडंल.”

मोबाइलवाल्यानं खरंच वाटी पुढं केली. या वयात, पिकल्या केसांची मी, आणि पुन्हा तीच वाटी. मी ती घेतली आणि उंबऱ्यावर पालथी घातली.

“अंजन राहू द्या. पोथी वाचते. तुमच्याच अर्थानं वाचते, पाव्हणं. ह न न म्हणजे सोनं, मंजूर. पण मग सगळ्या पानांत सोनंच. एका ओळीत सोनं आणि दुसऱ्या ओळीत फोड, असं चालायचं न्हाई. कबूल?”

“कबूल,” ते म्हणाले. त्यांना काय, सोनं जितकं जास्त तितकं बरं.

मी मोबाइल काढला आणि मोठ्यानं सुरू केलं. आधी कन्नड, मग मराठी, समद्यांना कळावं म्हणून.

“बायि होन्नु. तोंडात सोनं आलं तर तिखट खाऊ नये. कालु होन्नु. पायाला सोनं झालं तर चालू नये. सोनं खाजवू नये. सोनं पिकलं की त्याला तोंड पाडावं. सोन्यातला कीवु,” कीवु म्हणजे पू गं, “सोन्यातला पू हलक्या हातानं पिळून काढावा.”

दाराशी बसलेली एक सून पदर तोंडाला लावून हलायला लागली. तुझे आजोबा म्हणाले, “थांबा, थांबा, हे पान वेगळं असंल.”

“वेगळं वाचते. काखेतलं सोनं फार दुखतं. सोन्यावर माशी बसू देऊ नये. सोन्याला घाण वास—”

तेवढ्यात आतून, चुलीपासून, तुझ्या आजीचा आवाज आला. हुबेहूब सासूचा ठसका.

“खरं हाय वो! गेल्या साली तुमच्या बुडाला केवढं सोनं झालं होतं! पालथे पडून ओरडत होता. मीच लिंब वाटून लावला ना त्या सोन्याला?”

मग काय राहिलं गं! भावकी फुटली. पहार धरून उभा असलेला पुतण्या पहारीसकट खाली बसला. एक म्हातारा हसता हसता खोकायला लागला, त्याला पाणी द्यावं लागलं. तुझे आजोबा आधी लाल झाले, मग त्यांचीही मिशी हलायला लागली, पण त्यांनी ती हातानं झाकली. मोबाइलवाला म्हणाला, “मावशी, तुमचं व्हर्जन जुनं हाय. आमचं ॲप अपडेट होतंय.” मी म्हटलं, “होऊ दे बाबा. शेवया पुन्हा उन्हाळ्यात करू तेव्हा विचारीन त्याला.” त्याला कळलं न्हाई. कोहळा मात्र घेऊन गेला. न फोडलेला.

चूल राहिली. भाकरी झाल्या, भावकी जेवून गेली. हसण्यानं ते काम केलं, माझ्या हिशेबानं न्हवे, हे मला कळतंय. समद्या पानांवर एकच अर्थ लावून बघायचा, ही त्या प्रोग्रामची रीत. मी फक्त ती मोठ्यानं वाचली. पण तेवढं कुणाच्या ध्यानात आलं म्हणतेस? हसणं ओसरलं, आणि दुसऱ्या दिवशी तुझे आजोबा पारावर सांगत होते: “अक्का पायाळू. उंबऱ्यात पाय ठेवला आणि म्हणाली, खाली काही न्हाई. म्हणून आम्ही थांबलो.” माणसाला हसून गप बसवलं तर तो कबूल होत न्हाई बघ, तो गोष्ट बदलून घेतो. सोन्यावर हसू झालं हे कसं सांगणार? दिव्य दृष्टी बरी. पारावरून ती गोष्ट मोबाइलमध्ये गेली, कुणीतरी तिला समई लावली, हात जोडले, आणि फिरत फिरत ती तुझ्याकडं आली. तू पुढं ढकललीस.

मला राग कशाचा येतो सांगू? लहानपणी मी खरं सांगितलं, मुंग्या दिसतात म्हणाले, तेव्हा लबाड ठरले. आता राबून राबून एक पोथी सोडवली, तर ती माझ्या जन्माच्या वेळी पाय आधी आले म्हणून सुटली म्हणे! मग बसून काय केलं मी इतके दिवस? पायांनी टाइप केलं का? आणि तुझ्या आजीचं नावच न्हाई कुठं. तिच्या त्या दुपारी, तिचा तो ठसका, ती सगळ्यात वाईट शिवी. ती नसती तर मी अजून गाढवाचं ओरडणं वाचत बसले असते. पण घरातल्या बाईनं सासूच्या शिव्या सांगितल्या आणि पोथी फुटली, असं कोण पुढं ढकलंल? त्याला समई कुठं लावायची?

बरं, तोंड पाडू नको. तुला एकटीलाच सांगून राहिले, कारण तुला कळायला पाहिजे. तो मजकूर ग्रुपवरून काढ, आणि काढलास की त्याच जागी लिही: ‘मोठ्या आजीनं प्रोग्राम चालवला, आजीनं कन्नड दिली, पोथीत गळवाचं औषध निघालं.’ कुणी हात जोडणार न्हाई. न जोडू देत.

आणि कामाचं एक. पोथीची शेवटची पानं अजून सुटली न्हाईत. तिथं चिन्हं तीच, पण त्यानं किल्ली, म्हणजे कुठल्या चिन्हाला कुठलं अक्षर ते, बदललीय लबाडानं. प्रोग्राम म्हणतो, पटत न्हाई. तुझ्या आजीला अजून शिव्या आठवून राहिल्यात. परवाच फोनवर म्हणाली, बाळंतपणातल्या तर सांगितल्याच न्हाईत. पण त्या ती फोनवर सांगत न्हाई, तुझे आजोबा ऐकतात म्हणून. चुलीपाशी बसून सांगायच्या म्हणती. मीही तिकडंच येते. तुझी दिवाळीची सुट्टी कधी लागती ते कळव, आणि मोबाइलवर सण साजरा करू नको. लातूरपर्यंत रेल्वे हाय, पुढं उदगीरला गाडी मिळती. चूल बघ, फुलीचं कुंकू अजून गेलं न्हाई तिच्यावरचं. तुझी आजी ज्वारीची भाकर टाकील, तू टाइप कर, मी बघते. ये गं, लवकर ये.